गाडीच्या दारातली स्पीकर रिंग घरच्या गॅलरीत: मापापासून पाण्याच्या चाचणीपर्यंत

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या इमारतीखाली एखादी तरी गाडी दारं उघडी टाकून उभी असते. नवे स्पीकर आणलेले असतात, स्पीकर आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये बसणारी लाकडी रिंगही कुठूनतरी कापून आणलेली असते, आणि ती बसत नसते. मला वर हाक येते. खाली जाऊन बघतो तर बहुतेक वेळा काप सुबक असतो. चुकलेली असते ती जाडी, नाहीतर बोल्टची भोकं, नाहीतर डावी-उजवी बाजू. म्हणजे चूक करवतीखाली झालेली नसते, त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

एका रिंगचा काप वीस मिनिटांत होतो. माप आणि फर्मा (कापायचा नमुना) यांना मात्र अख्खी सकाळ द्यावी लागते. लोक हे उलटं करतात, म्हणून इथे काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितो आहे. उदाहरण साडेसहा इंची स्पीकरचं घेतलं आहे. जागा म्हणाल तर माझी गॅलरी चार फूट बाय नऊ फूट आहे, आणि त्यातही एका बाजूला वॉशिंग मशीन.

१. आधी माप, लाकूड नंतर

प्लाय आणून मग माप घेऊ नका. किती जाडीचा प्लाय लागेल हे मापावरूनच कळतं.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढताना हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टच्या झाकणाखालचे स्क्रू आधी शोधा. ते सगळे निघाल्यावरच खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवायला घ्या. स्क्रूड्रायव्हर घातलात तर पॅडची कड दबते आणि तो व्रण कायमचा राहतो. पॅड सुटलं की ओढू नका. आत काचेच्या बटणाची वायर आणि हँडलची केबल असते, पॅड एका हाताने धरून ती सोडवा.

आता आतला प्लास्टिकचा पडदा दिसेल. काळ्या चिकट डिंकाने तो पत्र्याला चिकटवलेला असतो. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी या पडद्यामागून खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पडदा फाटला की तेच पाणी पायाखालच्या चटईत येतं. तो डिंकासकट हळूच, स्पीकरपुरताच सोडवा आणि डिंकावर धूळ बसू देऊ नका.

> जपा: काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाबावर चालणारा सेन्सर दारातच असतो. मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. तो असेल तर दाराचा पत्रा कापायचा नाही आणि मूळची मोठी भोकं बुजवायची नाहीत. शंका असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

तीन मापं घ्यायची आहेत:

- पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर. काच पूर्ण खाली, अर्ध्यावर आणि पूर्ण वर, अशा तिन्ही जागी मोजा. काच वक्र असते, त्यामुळे सर्वात कमी अंतर नेहमी तळाशीच मिळेल असं नाही. बटणाची वायर तेवढ्यापुरती परत जोडा आणि काच हलताना हात बाहेर ठेवा.
- स्पीकरची खोली, म्हणजे कडेच्या खालच्या बाजूपासून चुंबकाच्या पाठीपर्यंत. खोक्यावर लिहिलेली असते, तरी पट्टीने मोजा.
- पत्र्यापासून डोअर पॅडच्या जाळीच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर. हे माप घ्यायला बहुतेकजण विसरतात.

हिशेब असा. समजा काचेपर्यंत ५२ मिलिमीटर जागा आहे आणि स्पीकरची खोली ६२ आहे. चुंबक आणि काच यांच्यात निदान ६ हवेत. एकूण ६८ लागतात, त्यातून ५२ गेले, उरले १६. म्हणजे १८ मिलिमीटरची रिंग. आता पुढची बाजू: १८ ची रिंग आणि स्पीकरचा कडेच्या वर येणारा भाग १५, मिळून ३३. जाळीपर्यंत ४५ असतील तर १२ उरतात, आणि वाजताना पुढे येणाऱ्या कोनला (स्पीकरच्या मधल्या हलणाऱ्या शंकूला) तेवढे पुरतात. तिथे पाच-सहाच उरत असतील तर कोन जाळीला थडकेल. मग जाड रिंग करण्यापेक्षा कमी खोलीचा स्पीकर घेतलेला बरा.

हिशेबाची खात्री मी कणकेने करतो. पोळीच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा पातळ पिशवीत गुंडाळून चुंबकाच्या पाठीला चिकटवायचा. नियोजित जाडीइतके पुठ्ठे पत्र्यावर धरायचे, काच पूर्ण खाली ठेवायची आणि स्पीकर जागेवर सरळ दाबून बाहेर काढायचा. गोळ्याच्या सर्वात चेपलेल्या जागी जेवढी जाडी उरली तेवढीच मोकळी जागा. मेहुण्याच्या गाडीत पट्टीने ८ मिलिमीटर मोजले होते, कणीक ३ वर चेपली. काच धरणारी पट्टी चुंबकाच्या मागे येत होती आणि वरून ती दिसतच नव्हती. असाच गोळा स्पीकरच्या पुढच्या कडेवर ठेवून पॅड दाबून पाहा. कणीक कोनच्या कागदावर ठेवू नका.

२. फर्मा

मूळ स्पीकरखाली प्लास्टिकचा ब्रॅकेट असेल तर तोच तुमचा नमुना. घरी स्कॅनर असेल तर ब्रॅकेट काचेवर पालथा ठेवून स्कॅन करा. शेजारी एक पट्टीही ठेवा. छापताना कागदाला बसवण्याचा पर्याय बंद करून १०० टक्के मापात छापा आणि छापलेली पट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहा. १०० मिलिमीटर छापून ९७ आले असतील तर तो कागद टाकून द्या.

ब्रॅकेट नसेल, स्पीकर पत्र्यालाच रिव्हेट केलेला असेल, तर फर्मा दारावरच करावा लागतो. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा दारावर धरा आणि पेन्सिल आडवी घासा. भोकांच्या कडा आणि पत्र्याचे उंचवटे पुठ्ठ्यावर उमटतात. वर्तुळासाठी मोठा कंपास नसला तरी चालेल. पुठ्ठ्याच्या पट्टीच्या एका टोकाला टाचणी आणि हव्या त्या अंतरावर पेन्सिलचं भोक, एवढ्यावर अर्धा मिलिमीटर नेमकं वर्तुळ निघतं.

आतल्या भोकाचं माप स्पीकरच्या खोक्यावरून घ्या, अंदाजाने नको. सगळ्या साडेसहा इंची स्पीकरचं भोक सारखं नसतं.

फर्म्यावर आता दोन प्रकारची भोकं येतात: रिंग दाराला धरणारी आणि स्पीकर रिंगला धरणारी. ही एकमेकांच्या जवळ येऊ देऊ नका. चार-चार असतील तर स्पीकरची भोकं ४५ अंश फिरवून घ्या. भोकापासून रिंगच्या कडेपर्यंत निदान १० मिलिमीटर लाकूड राहिलं पाहिजे. कमी राहिलं तर स्क्रू आवळताना प्लायच्या थरांत चीर जाते. जागा पुरत नसेल तर रिंग त्या बाजूला रुंद करा. रिंग गोलच असली पाहिजे असं काही नाही. माझ्या बहुतेक रिंगा एका बाजूने नासपतीसारख्या फुगीर आहेत.

> तपासा: फर्म्यावर वरच्या दिशेचा बाण, दर्शनी बाजू आणि "डावं दार" असं लिहा. उजव्या दारासाठी तोच फर्मा पालथा घालून त्या दारावर धरून पाहा. भोकं जुळली तरच एका फर्म्यावर दोन्ही रिंगा कापा. दोन्ही डाव्याच कापून बसलेले लोक मी दरवर्षी पाहतो.

पुठ्ठ्याची पूर्ण रिंग कापून स्पीकरसकट दारावर धरा आणि पॅड बसवून पाहा. इथे दुरुस्तीला पुठ्ठाच लागतो, प्लाय नाही.

३. कोणतं लाकूड

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नका. कापायला लोण्यासारखं आणि स्वस्त, म्हणून सगळे तेच आणतात. माझी पहिली जोडीही एमडीएफचीच होती. एका पावसाळ्यात तिची कड फुगून १८ ची २४ झाली आणि स्क्रू हाताने ओढले तरी निघत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीची दारं उघडली, तेव्हा आतली एमडीएफची रिंग भिजवलेल्या पोह्यांसारखी बोटांत आली. पूर नसला तरी दाराच्या आत पावसाळाभर ओल असतेच. हिरव्या रंगाचा एचडीएमआर बोर्ड दमटपणा सोसतो, पण पाण्यात तोही टिकत नाही.

आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचा मरीन प्लाय (पाणी सोसणारा) घ्या. दोन रिंगांसाठी पूर्ण शीट नको. फर्निचरचं काम चालू असेल तिथे मिस्त्रीकडे एक फूट बाय दोन फुटांचा तुकडा सहज मिळतो. तुकड्यावर छाप नसेल तर एक छोटी चकती कापून जुन्या पातेल्यात दोन तास उकळा. थर सुटले तर तो मरीन नाही. न सुटले तरी पूर्ण खात्री झाली असं नाही, कारण मानकातली उकळण्याची चाचणी ७२ तासांची आहे. खराब माल मात्र या दोन तासांत उघडा पडतो.

स्वयंपाकघरातल्या जाड पांढऱ्या चॉपिंग बोर्डच्या एचडीपीई प्लास्टिकच्या रिंगाही चांगल्या होतात, पाण्याचं भयच नाही. मात्र त्याला डिंक किंवा रंग धरत नाही, आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट लावावे लागतात. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) लेझरवर कापून घ्यायचा विचार असेल तर ॲक्रिलिक द्या. पीव्हीसी फोम बोर्ड लेझरखाली देऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

४. गॅलरीची मांडणी

जागा कमी असली की भुश्याची कामं दिवसभर थोडी थोडी करायची नाहीत. भोकं, काप आणि घासणं एका बैठकीत उरका. मी अकरा ते एक ही वेळ धरतो. त्याआधी खालच्या मजल्याचे कपडे वाळत असतात आणि त्यानंतर लोकांची झोपेची वेळ. शेजाऱ्यांना आधी नुसतं सांगून आलं तरी कोणी तक्रार करत नाही.

एकाच उंचीची दोन स्टुलं, त्यांवर जाड प्लायचा टाकाऊ तुकडा आणि दोन शिकंजे, एवढंच टेबल. कठड्यावर ओली चादर टाका. घरात उघडणारं दार बंद करून फटीला ओलं फडकं लावा. एन९५ मास्क आणि चष्मा पहिल्या भोकापासून शेवटच्या झाडूपर्यंत राहू द्या, कारण सर्वात बारीक धूळ झाडतानाच उडते. स्पीकर या वेळी खोक्यात बंद करून आतल्या खोलीत ठेवा.

५. भोकं आणि काप

क्रमाचा गोंधळ होतो तो इथे. जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत) असेल तर:

१. फर्मा प्लायवर चिकटवा. कापरेषेवर मास्किंग टेप लावून त्यावर रेष परत काढा.

२. सगळी छोटी भोकं आधी पाडा. प्लाय चौकोनी आणि घट्ट धरलेला असताना भोक सरळ पडतं, मोकळ्या रिंगवर ड्रिल धरून ते सरळ येत नाही. खाली टाकाऊ तुकडा ठेवला की मागचा थर फाटत नाही. ८ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचं भोक पुरे.

३. आतल्या वर्तुळात पातं शिरेल असं १० मिलिमीटरचं भोक पाडा आणि आतलं वर्तुळ आधी कापा.

४. बाहेरची कड शेवटी.

आतलं आधी का, तर चौकोनी तुकड्याला शिकंजा धरता येतो. बाहेरची कड आधी कापली की हातात थाळी उरते. ती धरायला जागा नसते आणि आतला काप थरथरत जातो.

राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) आणि मध्यबिंदूवर फिरणारी पट्टी असेल तर क्रम उलटा. आधी बाहेरचं वर्तुळ, मग आतलं. आतला भाग निघून गेला की मध्यबिंदूही जातो आणि बाहेरचं वर्तुळ कशाभोवती फिरवणार? तुकडा खालच्या प्लायला दुहेरी टेपने चिकटवा आणि एका फेरीत ३-४ मिलिमीटरच उतरा.

जिगसॉचं पातं बारीक दातांचं हवं आणि पेंड्युलमची (पातं पुढेमागे झुलवणारी) कळ शून्यावर. रेषेच्या एक मिलिमीटर अलीकडे कापत जा, म्हणजे थोडं लाकूड शिल्लक राहील. अठराच्या प्लायमध्ये वळणावर पातं खालून बाहेर झुकतं, त्यामुळे वरची रेष बरोबर आणि खालचं वर्तुळ मोठं असं होतं. मशीन ढकलू नका, आवाज जड झाला की थांबा. उरलेला मिलिमीटर अर्धगोल कानशीने काढा. शेवटी तेलाच्या डब्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवा.

मग रिंग पालथी घालून मागची आतली कड ४५ अंशांत उतरवा. स्पीकरच्या सांगाड्याला मागे खिडक्या असतात. जाड रिंगच्या सरळ भिंतीने त्या झाकल्या तर हवा कोंडते आणि खालचे सूर दबून येतात.

> तपासा: स्पीकर रिंगमध्ये नुसता ठेवून हाताने गोल फिरवा. कुठेही न अडता फिरला पाहिजे. जोराने दाबून बसवाल तर सांगाडा पिळवटेल आणि कॉइल (आतली तारेची गुंडाळी) घासेल.

६. सील: घाई सगळ्यात जास्त होते ती इथे

प्लायची पृष्ठं पाणी फार पीत नाहीत, कडा पितात. म्हणून कडेला तीन हात, पृष्ठांना दोन. पॉलियुरेथेन किंवा चांगला ऑइल पेंट, काहीही चालेल. पहिला हात एक तृतीयांश थिनर घालून पातळ करा, म्हणजे तो आत मुरतो. पहिल्या हातानंतर तंतू उभे राहून कड खरखरीत लागते, ती २२० नंबरने हलकी घासून पुढचा हात द्या. स्क्रूच्या भोकांतही बारीक ब्रश घाला. सील केल्यावर नवं भोक पाडायचं नाही. पाडलंच तर तेही रंगवा, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं.

वाळवायला गॅलरीत जागा नसते असं म्हणतात. बोल्टच्या भोकातून सुतळी ओवा आणि रिंगा कपड्यांच्या दोरीवर टांगा. दोन्ही बाजू एकदम वाळतात आणि कागदाला चिकटत नाहीत. डब्यावर जेवढे तास लिहिलेत, आमच्याकडच्या सप्टेंबरच्या दमट हवेत त्याच्या दीडपट धरा. नख टेकवून ठसा उमटला तर अजून ओलं आहे. अशा रिंगवर स्पीकर आवळला की तो पुढे निघत नाही, ओढला तर रंग घेऊन येतो.

७. दारावर बसवणं

आधी काच पूर्ण वर करा, मगच बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. बॅटरी आधी सोडली तर काच जिथे असेल तिथेच राहते आणि नेमकी ड्रिलच्या समोर येते.

रिव्हेट काढताना लोखंडाचा कीस उडतो. खाली ओलं फडकं आणि भोकामागे टेप लावा. काम झाल्यावर पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवून कीस गोळा करा. एवढं झाल्याशिवाय स्पीकर खोक्याबाहेर काढू नका. कीस कॉइलच्या फटीत गेला की परत निघत नाही, आणि नव्या स्पीकरची खरखर आयुष्यभर राहते.

पत्र्याच्या उघड्या कडांना झिंक प्रायमर लावा. मागे हात पोचत असेल तर स्टेनलेसचे एम५ बोल्ट, वायसर आणि नायलॉक (सहज ढिला न होणारा) नट. नसेल पोचत तर रिव्हनट, म्हणजे पत्र्यात समोरूनच बसवता येणारा नट. पत्र्यात थेट टोकदार स्क्रू मारू नका, ते थोड्याच दिवसांत थरथरून ढिले होतात, शिवाय टोक काचेच्या वाटेत येतं.

रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा. पाणी शोषणारा मऊ स्पंज नको. पट्टीचा जोड खालच्या बाजूला आणू नका. सिलिकॉन वापरायचं असेल तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. मग प्लास्टिकचा पडदा त्याच डिंकाने परत लावा आणि स्पीकरच्या भोवतीची कड रिंगला नीट चिकटवा. बाहेरच्या पत्र्याच्या आतून ब्यूटाइल रबराचा डॅम्पिंग (थरथर दाबणारा) तुकडा लावणार असाल तर तळाची भोकं मोकळी सोडा.

८. वायर आणि चाचण्या

गाडीची मूळ वायर कापू नका, जोडणीचा कनेक्टर मिळतो. प्लस-मायनसची खात्री दीड व्होल्टच्या सेलने होते: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर आला पाहिजे. दोन दारांत ही जोडणी उलटसुलट झाली तर खालचे सूर एकमेकांना मारतात आणि माणूस उगाच रिंगला दोष देतो.

पॅड बसवायच्या आधी दोन चाचण्या करा.

पाण्याची: काच वर करून बाहेरून तिच्या तळाच्या रबरावर दोन मग पाणी हळू ओता. दहा मिनिटांत ते तळाच्या भोकांतून गळलं पाहिजे. पडद्याच्या आतल्या बाजूला किंवा रिंगखाली एक थेंबही दिसता कामा नये.

आवाजाची: फोनवर सूर काढणारं ॲप घेऊन ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, आवाज मध्यम ठेवा. कुठे खडखड आली तर त्याच सुरावर थांबा आणि एकेक वायर, केबल, क्लिप बोटाने दाबत जा. जी दाबल्यावर आवाज थांबतो तिला फोमची पट्टी लावा. पॅड लावल्यावर हीच चाचणी पुन्हा करा, कारण पॅडच्या क्लिपा स्वतंत्रपणे वाजतात.

आठ दिवसांनी पॅड परत काढून बोल्ट तपासा. फोम बसतो आणि पाव फेरा हमखास मिळतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर दाराखालची भोकं काडीने साफ करा आणि चटई उचलून खाली हात फिरवा. कोरडं लागलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पॅड काढायची गरज नाही.